साडेसातशेचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: १४ वर्षं जुन्या गाडीचा झटका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कसा सापडला

ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे आणि ती पिकअपला दम खाते त्यांच्यासाठी हे लिहितोय. थोडं लांब झालंय, पण मला चार महिने जो त्रास झाला तो दुसऱ्या कोणाला होऊ नये असं मनापासून वाटतं म्हणून सगळं लिहितो. ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून तो काय सांगतोय ते फोनवर दाखवणारा छोटा डबा.

आमची गाडी २०११ ची. तीन सिलेंडर, एक लिटर, केबलवाला ॲक्सिलरेटर, ८६ हजार किलोमीटर झालेत. कांजूरला राहतो, गाडी रोज जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) अंधेरी साइडला जाते म्हणजे ती कशी चालते ते कळलंच असेल, पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला, आणि मध्येच हाफ क्लच. तर जूनच्या आसपास असं सुरू झालं की सिग्नल सुटला, हलका पाय दिला की गाडी एक सेकंद काहीच करायची नाही, उलट मागून कोणीतरी धरल्यासारखी बसायची, आणि मग एकदम झटका देऊन पुढे. गांधीनगरवरून पवईकडे वर चढताना तर भीती वाटायची, कारण मागे बेस्टची बस अगदी चिकटून असते आणि आपली गाडी नेमकी तेव्हाच बसते. बायको एकदा म्हणाली, "अरे असंच व्हायला लागलं तर मी ही गाडी घेऊन मुलीला क्लासला सोडणार नाही." तिचं बरोबरच होतं.

नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. तिन्ही प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली, एअर फिल्टर नवीन. दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच. परत नेली तर ते म्हणाले फ्युएल पंप कमजोर झालाय, टाकी खाली करून पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, साडेआठ हजार. मी विचारलं प्रेशर मोजलं का, तर म्हणाले गेज नाहीये पण लक्षणं तीच आहेत. मी त्यांना खोटं म्हणत नाही, पाच-सहा वर्षं माझी गाडी त्यांनीच सांभाळलीय. पण न मोजता साडेआठ हजार घालायला मन तयार होईना, आणि पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं होतायत, फिटनेस करून आरसी रिन्यू करायचीय, तेव्हाही खर्च आहेच. म्हणून ठरवलं की आधी स्वतः बघू.

स्कॅनर दोन घेतले खरं तर. पहिला ३५० चा, ऑनलाइन, अगदी अंगठ्याएवढा निळा पारदर्शक डबा. तो फोनला जोडला जायचा पण गाडीशी बोलायचाच नाही, ॲपवर नुसतं "ईसीयूशी कनेक्ट होत आहे" फिरत राहायचं (ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर). परत पाठवला. नंतर जरा वाचलं तेव्हा कळलं की या सगळ्या डब्यांच्या आत ईएलएम ३२७ नावाची चिप असते, मूळ चिप कॅनडातल्या एका कंपनीची, आणि बाजारात मिळतात त्या बहुतेक तिच्या नकला. डब्यावर मोठ्या अक्षरात "व्हर्जन १.५" लिहिलेलं असतं ना, ते व्हर्जन मूळ कंपनीने कधी काढलंच नव्हतं! काही नकलांमध्ये जुन्या गाड्यांची भाषा अर्धवट असते. नव्या गाड्या कॅन नावाच्या पद्धतीने बोलतात, ती बहुतेक डब्यांना येते, पण जुन्या बऱ्याच गाड्या के-लाइन म्हणजे एकाच वायरवरून हळूहळू बोलणाऱ्या असतात आणि स्वस्तातला डबा नेमका तिथे गळतो. माझी गाडी तशीच निघाली. त्यामुळे घेताना विक्रेत्याला स्पष्ट विचारा की सगळे प्रोटोकॉल चालतात का, आयएसओ ९१४१ आणि केडब्ल्यूपी (या के-लाइनवरच्या भाषा) चालतात का, आणि परत करायची सोय असेल तिथूनच घ्या.

दुसरा लॅमिंग्टन रोडवर घेतला, ७५० रुपये, तिथे एक साधा काळा डबा होता, काही ब्रँड वगैरे नाही. दुकानदार म्हणाला चालला नाही तर दोन दिवसांत आणून द्या. चालला. त्याच दुकानाच्या शेजारून ३५० चा काटेवाला मल्टिमीटर पण घेतला, का घेतला ते पुढे येईलच, शेवटी खरी गोष्ट त्यानेच पक्की केली.

डबा गाडीला जिथे जोडायचा तो पोर्ट शोधायला मात्र त्रास होतो. माझ्या गाडीत स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, फ्यूज बॉक्सच्या बाजूला आहे, १६ पिनांचा, खालून टॉर्च लावून बघावं लागतं. १४ वर्षांची धूळ होती, ब्रशने साफ केली मगच डबा नीट बसला. चावी ऑन केली, फोनच्या ब्लूटूथमध्ये डबा दिसला, पिन १२३४ टाकली, झालं. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी हा साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, त्याला जोडला जात नाही, वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला घ्या. ॲप मी टॉर्क वापरलं, फुकटवालं, नंतर कार स्कॅनर नावाचं पण टाकलं आणि आलेख बघायला मला तेच जास्त आवडलं.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या दिवशी मी मोठ्या आशेने फॉल्ट कोड स्कॅन केलं आणि स्क्रीनवर आलं, एकही कोड नाही. शून्य. गाडी समोर झटके खातेय आणि कॉम्प्युटर म्हणतोय सगळं ठीक. बरेच लोक इथेच डबा काढून ठेवतात आणि रिव्ह्यूमध्ये एक स्टार देतात, मी वाचलेत तसे रिव्ह्यू. पण यात डब्याची चूक नाहीये. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून बीएस ४ (गाड्यांच्या धुराचा प्रदूषण नियम) आलं, आणि त्याबरोबर ओबीडीचा फक्त पहिला टप्पा आला. त्या टप्प्यात गाडीने बघायचं काय, तर मुख्यतः वायर तुटलीय का, सेन्सरचं सर्किट उघडं किंवा शॉर्ट आहे का. सिलेंडर मिस मारतोय का, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग) म्हातारा झालाय का, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) सुस्त झालाय का, हे बघण्याची सक्ती दुसऱ्या टप्प्यात आली, एप्रिल २०१३ पासून. म्हणजे २०१० ते २०१३ मधली गाडी असेल तर ती मिसिंग मारत असली तरी इंजिनचा दिवा लागेलच असं नाही. माझ्या गॅरेजवाल्यांनी तर सांगितलं होतं की दिवा नाही म्हणजे सेन्सर ठीक आहेत. हे वाक्य या वयाच्या गाड्यांना लागू होत नाही, कृपया लक्षात ठेवा.

मग हा डबा घ्यायचा कशाला? लाइव्ह डेटासाठी. इंजिन चालू असताना प्रत्येक सेन्सर काय सांगतोय ते आकड्यात दिसतं आणि त्या आकड्यांवरून एकेक संशयित बाद करता येतो. मी सलग तीन रविवार हेच केलं, सकाळी सात वाजता, कारण नंतर पार्किंगमध्ये मुलं खेळायला येतात आणि बॉनेट उघडं ठेवता येत नाही.

चावी ऑन, इंजिन बंद, आणि मॅप सेन्सर म्हणजे इनटेकमधलं हवेचं प्रेशर बघितलं. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचंच प्रेशर दाखवायला हवं. आपण समुद्राच्या काठावर राहतो म्हणून १०० किंवा १०१ किलोपास्कल यायला पाहिजे, मला १०० आलं. (लोणावळ्यात हाच आकडा ९४ च्या आसपास दिसेल, तिथे घाबरून सेन्सर बदलू नका.) इंजिन चालू करून गरम झाल्यावर आयडलला (म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) ३४. साधारण ३० ते ४० मध्ये असेल तर इंजिन नीट ओढतंय. बॅटरी चालू इंजिनवर १४.१ व्होल्ट, छान. कूलंट टेंपरेचर ८९ ला जाऊन थांबलं, फॅन लागला, खाली आलं, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप) पण ठीक. हे कंटाळवाणं वाटेल पण थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे आणि तो जास्तीचं पेट्रोल टाकत राहतो, त्यानेही गाडी जड चालते, म्हणून बघायलाच हवं.

मग फ्युएल ट्रिम. हे नीट समजून घ्या, फार कामाची गोष्ट आहे. ईसीयूने ठरवलेल्या पेट्रोलपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी टाकावं लागतंय तो हा आकडा. शॉर्ट टर्म सारखा हलत असतो, लाँग टर्म म्हणजे सवय. प्लस म्हणजे पेट्रोल कमी पडतंय म्हणून वाढवतोय, मायनस म्हणजे जास्त होतंय. दोन्ही मिळून दहाच्या आत असेल तर फार काळजी नसते. माझा लाँग टर्म प्लस ६ होता आणि मी तासभर त्याच्याच मागे लागलो, मग डोक्यात आलं की पंपावर आता जवळपास सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे इथेनॉल मिसळलं की तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं आणि २०११ च्या गाडीचा हिशेब जुन्या पेट्रोलचा, त्यामुळे ट्रिम थोडा प्लसमध्ये राहणारच. हा आजार नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच व्हिडिओत चुकीची सांगतात. म्हणे आयडलला ट्रिम खूप प्लस असला की व्हॅक्यूम लीक. ते एअर फ्लो मीटर (आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर) असलेल्या गाड्यांचं झालं, त्यांत न मोजलेली हवा आत शिरते म्हणून ट्रिम चढतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅप सेन्सरवर चालतात, त्यात लीकची हवाही प्रेशरमध्ये मोजली जाते आणि ट्रिमवर विशेष फरक पडत नाही, उलट आयडलचे आरपीएम वर राहतात. माझे आरपीएम नीट ८०० च्या जवळपास होते, पाइप हाताने चाचपून बघितले, उंदरांनी कुरतडलेलं काही आहे का ते पण बघितलं, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये मागच्या पावसाळ्यात दोन गाड्यांच्या वायरी उंदरांनी खाल्ल्यात. काही नव्हतं.

कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) संशय होताच, पावसाळा होता. माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे. इंजिन बंद करून एका कॉइलचं कनेक्टर काढायचं, चालू करून आयडल किती पडतं बघायचं, परत लावायचं, मग दुसरं. तिन्हींना गाडी सारखीच लंगडी झाली, म्हणजे तिन्ही सिलेंडर आपापला वाटा उचलत होते. हे करताना पाच-सात सेकंदांच्या वर चालू ठेवू नका, न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून खराब होतो. आणि चालू इंजिनवर कनेक्टर ओढू नका, शॉक बसू शकतो. अंधारात कॉइलवर स्प्रे बॉटलने पाण्याचे तुषार मारून पण बघितलं, ठिणगी कुठे उडताना दिसली नाही.

राहिला पंप, ज्याचे साडेआठ हजार सांगितले होते. याच्यासाठी रस्त्यावर जावं लागलं. रविवारी सकाळी साडेसहाला ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला घेतली, बायको बाजूला फोन घेऊन बसली, मी फक्त गाडी चालवली. हे कळकळीने सांगतो, चालवता चालवता फोनमध्ये बघू नका, ॲपमध्ये रेकॉर्डिंगची सोय असते, ते लावून ठेवा आणि घरी येऊन बघा. तर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून चार हजार आरपीएमपर्यंत नेली. पुढचा ऑक्सिजन सेन्सर एरवी ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या मध्ये नाचत असतो, पूर्ण दाबल्यावर तो वर जाऊन थांबायला हवा. माझा ०.८५ वर जाऊन तिथेच राहिला. याचा अर्थ इंजिनला सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं त्या वेळीही पेट्रोल पुरतंय. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर नेमकं इथे व्होल्टेज खाली पडलं असतं. आणि खरं म्हणजे हे मला आधीच सुचायला हवं होतं, गाडी पूर्ण दाबल्यावर कधीच अडखळत नव्हती, ती अडखळायची फक्त हलक्या पायाला. पंपाचा आजार उलटा असतो, हळू चालवताना ठीक आणि चढाला, ओव्हरटेकला दम जातो. कोणाकडेही गाडी नेण्याआधी ही एक गोष्ट स्वतः नोंदवून ठेवा, की हलक्या पायाला अडखळते का जोरात दाबल्यावर, थंड असताना का गरम झाल्यावर, अर्धं निदान त्यातच असतं.

साडेआठ हजार वाचले इथे. घरी येऊन आम्ही दोघांनी निवांत चहा घेतला, चार महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की आपण कुठेतरी पोचतोय.

आता हलका पाय म्हटल्यावर उरला टीपीएस, थ्रॉटल पोझिशन सेन्सर. ॲक्सिलरेटरची केबल थ्रॉटलची चकती फिरवते आणि चकतीच्या टोकाला हा सेन्सर, आत रेडिओच्या जुन्या व्हॉल्यूम बटणासारखी कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा काटा. पट्टी एका जागी घासली गेली की काटा तिथून जाताना क्षणभर सिग्नल जातो, अगदी जुन्या रेडिओचा आवाज बटण फिरवताना खरखरतो तसंच. ईसीयूला वाटतं ड्रायव्हरने पाय काढला, तो पेट्रोल तोडतो, पुढच्या क्षणी सिग्नल परत येतो आणि गाडी उडी मारते. आणि मुंबईत ही पट्टी कुठे घासणार? आपला पाय दिवसभर असतो तिथेच, अगदी सुरुवातीच्या थोड्याशा भागात. जेव्हीएलआरवर १४ वर्षं पूर्ण पाय दाबायला मिळालाय कोणाला!

चावी ऑन, इंजिन बंद. मुलीला ड्रायव्हर सीटवर बसवलं, म्हटलं अगदी हळू दाब, दहा आकडे मोजत. ॲपमध्ये थ्रॉटल पोझिशन लावली. पेडल न दाबता ११ टक्के दिसलं, तो बिघाड नाही, सेन्सर शून्यावर सुरू होतच नाही, पाच व्होल्टपैकी अर्ध्या व्होल्टवर सुरू होतो म्हणून तसं दिसतं, पूर्ण दाबल्यावर पण शंभर येत नाही, माझं ८७ आलं. पहिल्या चार-पाच वेळा आकडे नीट चढले, मी निराश झालो होतो. मग लक्षात आलं की स्क्रीनवर मी आठ सेन्सरांचे मीटर लावून ठेवलेत आणि हा डबा सेकंदाला जेमतेम तीन-चार आकडे आणतो, म्हणजे टीपीएसचा नंबर दोन-अडीच सेकंदांनी एकदा लागतोय, मधे काय झालं ते त्याला दिसणारच नाही. बाकी सगळं काढून फक्त टीपीएस ठेवला. परत हळू दाबायला सांगितलं. १४, १६, १८, २०, १२, २३. मधला तो १२! परत केलं, काही नाही. तिसऱ्यांदा परत २० च्या पुढे एकदम १३. मुलगी म्हणते, "बाबा मी पाय नाही उचलला हां." मला माहीत होतं बाळा, तू नाही उचललास.

हीच या स्वस्त डब्याची मोठी मर्यादा आहे आणि रिव्ह्यू म्हणून हे स्पष्ट लिहायलाच हवं. क्षणभराचा दोष त्याला दिसतो तो नशिबाने. दोनदा दिसला म्हणून लगेच पार्ट घ्यायला पळू नये असं मला वाटलं, म्हणून काटेवाला मल्टिमीटर. डिजिटल मीटर पण आकडे थांबून थांबून दाखवतो, काटा मात्र सलग हलतो, मध्ये सिग्नल गेला की काटा थरथरतो आणि ते डोळ्याला लगेच दिसतं. टीपीएसला तीन वायरी, एकीवर पाच व्होल्ट, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. कनेक्टर न काढता मागच्या बाजूने सिग्नलच्या वायरीलगत एक बारीक टाचणी आत सरकवली, मीटरची लाल पिन टाचणीला, काळी बॅटरीच्या मायनसला. टाचणी शेजारच्या वायरीला टेकू द्यायची नाही, तेवढी काळजी घ्या, नाहीतर ईसीयूचं नुकसान होईल. काटा ०.५५ पासून हळूहळू वर, आणि बरोबर १ व्होल्टच्या आसपास प्रत्येक वेळी फडफड. प्रत्येक वेळी. १ व्होल्ट म्हणजे पाचचे २० टक्के, ॲपमध्ये जिथे आकडा पडला होता तीच जागा. दोन वेगळ्या साधनांनी एकच जागा दाखवली, आता शंका उरली नाही.

पार्टसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो. तिथे भंगारातल्या गाड्यांचे काढलेले पार्ट ढिगाने मिळतात, टीपीएस ४०० ला देत होते. मी घेतला नाही आणि तुम्हीही घेऊ नका, कारण ती गाडी पण बहुतेक याच शहरातल्या ट्रॅफिकमध्ये चाललेली असणार आणि तिची पट्टीही त्याच जागी घासलेली असणार. काचा, आरसे, दरवाजाचे हँडल यांच्यासाठी तो बाजार मला खूप आवडतो, पण घासून झिजणारा पार्ट नवाच. नवीन १४५० ला मिळाला. जुना पार्ट सोबत नेला होता, वरचा नंबर आणि कनेक्टर जुळवून घेतला. दुकानातले चाचा चांगले होते, त्यांनी कनेक्टरच्या पिना मोजून दाखवल्या आणि म्हणाले काढण्याआधी जुन्याची जागा मार्करने आखली होती ना? आखली होती. हे कराच, काही गाड्यांत स्क्रूची भोकं लांबट असतात, सेन्सर थोडा जरी फिरला तरी बंद थ्रॉटलचं व्होल्टेज बदलतं आणि आयडल बिघडतं.

दोन स्क्रू, वीस मिनिटांचं काम. जुना काढताना एक स्क्रू जाम होता, त्याला गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, जोर लावून डोकं उडवण्यापेक्षा ते बरं. नवीन लावल्यावर काटा लोण्यासारखा वर गेला, कुठे थरथर नाही, ॲपमध्ये बंद थ्रॉटलला परत ११. ईसीयूने जुनी सवय विसरावी म्हणून बॅटरीचा मायनस दहा मिनिटं काढून ठेवला, लावला, गाडी चालू करून काहीही न दाबता दहा मिनिटं आयडलला ठेवली.

सोमवारी गांधीनगरचा चढ. सिग्नल सुटला, हलका पाय दिला, गाडी सरळ निघाली. मागे बस होती नेहमीसारखी. त्या दिवसापासून आज अडीच महिने झाले, एकदाही झटका नाही, बायको परत गाडी नेते आणि ॲव्हरेज पण थोडं सुधारलंय असं वाटतं, ते अजून नीट मोजलेलं नाही.

खर्च बघा, स्कॅनर ७५०, मीटर ३५०, टीपीएस १४५०, एकूण २५५०. मी स्कॅनरला पाचपैकी चार देईन. एक कापला तो वेग कमी आहे म्हणून आणि डब्यावर खोटं व्हर्जन छापतात म्हणून, गिऱ्हाइकाला काय विकतोय ते खरं सांगायला काय हरकत आहे. अजून एक, काम झालं की तो पोर्टमधून काढून ठेवा. पोर्टला बॅटरीचा करंट चावी बंद असतानाही चालू असतो, डब्याचा दिवा जळत राहतो, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर जुनी बॅटरी बसते. शिवाय पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं ब्लूटूथ कोणालाही दिसेल असं उघडं ठेवणं मला बरं वाटत नाही. आणि कोड आला तर लगेच "क्लिअर" दाबू नका, आधी फोटो काढा, तो मेकॅनिकला दाखवा, कोड पुसला की त्याच्यासोबत साठवलेली माहितीही जाते.

कार्बोरेटरवाली गाडी असेल तर हा घेऊन काही उपयोग नाही, तिथे वाचायला कॉम्प्युटरच नाही. २०१० च्या आधीच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्यांमध्ये पोर्ट असला तरी कंपनीची स्वतःची भाषा असू शकते, कोणाकडून तरी उसना आणून लावून बघा आणि मगच पैसे घाला. गॅरेजवाल्यांना पण मी जाऊन जुना सेन्सर आणि मीटरचा काटा कसा हलत होता त्याचा व्हिडिओ दाखवला, त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले असा काटेवाला मीटर आमच्याकडे पण होता, कुठे गेला कोण जाणे, आता आणतो.

सध्या डबा माझ्याकडे नाहीये. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या २०१२ च्या गाडीचं ॲव्हरेज खूप पडलंय, त्यांना दिला. काल रात्री त्यांचा फोन आला, सांगत होते अर्धा तास चालवून पण कूलंट टेंपरेचर ६८ च्या वर जात नाही. रविवारी सकाळी सातला त्यांचा थर्मोस्टॅट काढून बघणार आहोत.